तो श्लोक कुठल्या पर्वातला, विचारलंत का?

पत्रलेखिका ५२ वर्षांच्या आहेत, तालुक्याच्या गावी राहतात. घर माळकरी, सासरे हयातभर दिंडीत चालले. मुलगा २१ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मित्रांबरोबर खोली करून राहतो. गेल्या आठ-दहा महिन्यांत तो पार बदलला, असं त्या लिहितात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च’ (अहिंसा हा परम धर्म, आणि धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच) असा श्लोक टाकतो आणि खाली ‘आता तयार राहा’ असं लिहितो. कीर्तन करणाऱ्या सख्ख्या मामांना त्याने सगळ्यांदेखत ‘टाळकुटे’ म्हटलं. दिवाळीला आला तेव्हा आईला म्हणाला, शेजारच्या चाचांकडे यापुढे ब्लाउज टाकायचा नाही. हे चाचा शिंपी. त्याचा बालवाडीचा पहिला गणवेश त्यांनीच शिवलेला. तेव्हापासून पत्रलेखिकेचा ब्लाउजपीस कपाटात घडी मोडल्याशिवाय पडून आहे. मुलाच्या फोनमध्ये तलवार धरलेला त्याचा एक फोटोही त्यांनी पाहिला. वडील म्हणतात, वय आहे, निवळेल. पत्रलेखिकेला रात्र रात्र झोप नाही. प्रश्न असा: “आपल्या धर्मात असलं काही नाहीच, असं मी त्याला सांगत होते. त्याने श्लोक पुढे केला आणि माझं तोंडच बंद झालं. पोथीतच लिहिलंय तर मी कोण बोलणार? घरातली गीता, गाथा उचलून ठेवू का? फोन काढून घेऊ? की गप्प बसू?”

ताई,

पोथ्या आहेत तिथेच राहू द्या. फोनही राहू द्या. एकवीस वर्षांच्या मुलाचा फोन काढून घेता येत नाही, तो फक्त तुमच्यापासून लपवायला लागतो. गप्प मात्र बसू नका.

आधी श्लोकाचं बघू, कारण तुमचं तोंड तिथे बंद झालं. ‘अहिंसा परमो धर्मः’ हे शब्द महाभारतात आहेत, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. आदिपर्वात आहेत, वनपर्वात आहेत, अनुशासनपर्वात तर आहेतच. ‘धर्महिंसा तथैव च’ ही शेपटी मात्र त्यांना कुठेच नाही. तुमचा मुलगा राहतो त्याच पुण्यात भांडारकर संस्था आहे. तिथल्या पंडितांनी १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं घालवून, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली. तीत हा जोड नाही. कुणीतरी नंतर लावलेलं हे ठिगळ आहे. काम बेमालूम आहे, एवढं मान्य करायला हवं.

पण ‘तुझा श्लोक खोटा’ एवढंच त्याच्या तोंडावर मारलंत, तर तो दुसरा आणील आणि तो खरा असेल. गीता रणांगणावर सांगितलेली आहे. ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं’ (मारला गेलास तर स्वर्ग मिळेल) हे दुसऱ्या अध्यायात आहे. अठराव्यात तर म्हटलंय की ज्याच्या ठायी अहंभाव नाही, त्याने ही सगळी माणसं मारली तरी तो मारत नाही. तुमच्या गाथेतही ‘नाठाळाचे काठी देऊ माथा’ आहे. ‘दया तिचे नाव भूतांचे पाळण’ एवढ्यावर तुकोबा थांबत नाहीत, पुढे ‘आणिक निर्दळण कंटकांचे’ असंही म्हणतात. कुराणात लढाईच्या आयती आहेत. बायबलच्या जुन्या करारात अमालेकी लोकांना बायकापोरांसकट मारून टाका, अशी आज्ञा आहे. तेव्हा ‘कुठलाच धर्म हिंसा शिकवत नाही’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर शोभतं, हातात फोन असलेल्या पोरासमोर ते दोन मिनिटंही टिकत नाही. आणि ते पडलं की पोरगा काय समजतो? आईला काही ठाऊक नाही, ग्रुपवरच्या दादांना सगळं ठाऊक आहे.

‘पोथीत आहे म्हणून पोरं बिघडतात’ हे वाक्यही मला तेवढंच लटकं वाटतं. आपल्याच मुलखातलं बघा. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात टिळकांनी अफजलखानाच्या वधाचं समर्थन केलं ते गीता पुढे ठेवून: फळाची आस न धरता, परहितासाठी केलं तर पाप लागत नाही. १५ जूनच्या केसरीत तो वृत्तान्त आला आणि आठवडाभराने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली. टिळकांना त्या मजकुराबद्दल राजद्रोहाची १८ महिन्यांची शिक्षा झाली. खुनाच्या कटाशी त्यांचा संबंध कधी सिद्ध झाला नाही. दामोदर चापेकर पुढच्या एप्रिलात येरवड्यात फासावर गेले, तेव्हा हातात गीता होती असं सांगतात. पन्नास वर्षांनी नथुराम गोडसे अंबाल्याच्या तुरुंगात फासावर गेला, १५ नोव्हेंबर १९४९ ला, तोही गीता घेऊन. (चापेकर आणि गोडसे यांना मी एका तराजूत टाकत नाहीये. तो वाद वेगळा, त्यासाठी पत्रं पाठवू नयेत.) आणि गोडसेने ज्यांना मारलं ते? ते सायंप्रार्थनेला निघाले होते. त्यांच्या आश्रमात वर्षानुवर्षं संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हटले जात ते गीतेच्याच दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. मारणाऱ्याजवळ गीता, मरणाऱ्याजवळ गीता, तुरुंगात बसून अहिंसा सांगणाऱ्याजवळही तीच सातशे श्लोकांची पोथी.

मला जे कळतं ते असं. राग पोथीतून येत नाही, तो दुसरीकडे कुठेतरी साचलेला असतो. पोथीतून येते ती परवानगी. एरवी कोंबडी कापताना तोंड फिरवणारा पोरगा ‘हे माझं कर्तव्यच आहे’ असं म्हणायला लागतो, ते त्या परवानगीच्या जोरावर. म्हणून पोथीचा काही संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. ती परवानगी मिळाली नसती तर कितीतरी राग शिव्या देऊन, भिंतीवर मुठी आपटून विरून गेले असते. तुमच्यापुढे त्यामुळे दोन कामं आहेत. परवानगी खरी आहे का, हे त्याच पोथीत जाऊन बघायचं. आणि राग कुठून आला ते शोधायचं. दुसरं काम अवघड आहे, त्याच्याकडे नंतर येते.

‘अहिंसा परमो धर्मः’ ही ओळ आदिपर्वात कोण कुणाला म्हणतं, माहीत आहे? रुरू नावाचा एक तरुण असतो. प्रमद्वरा ही त्याची वाग्दत्त वधू. मैत्रिणींबरोबर खेळताना तिचा पाय सापावर पडतो, साप डसतो, ती मरते. रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत आणतो, लग्नही होतं. म्हणजे गेलेलं माणूस घरी आलंय. तरी याचा राग जात नाही. दिसेल तो साप ठेचायचा, असं तो ठरवून टाकतो आणि हातात दंडा घेऊन फिरतो. एकदा रानात त्याला एक म्हातारं जनावर पडलेलं दिसतं. डुंडुभ, बिनविषारी जातीचं. हा दंडा उगारतो. डुंडुभ म्हणतो, अरे, मी तुझं काय केलंय? माणसांना डसतात ते साप वेगळे. ‘डुण्डुभानहिगन्धेन न त्वं हिंसितुमर्हसि’. नुसता सापाचा वास येतो म्हणून डुंडुभांना मारू नकोस. रुरूचा हात तिथेच थांबतो. तो विचारतो, तू आहेस तरी कोण? जनावर एक शापित ऋषी निघतो, आणि पुढे तो रुरूला जे सांगतो त्यात ही ओळ येते.

‘अहिगन्धेन.’ सापाच्या वासावरून. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. दंगलीत माणसं हुडकली जातात ती याच वासावरून: दाढी, टोपी, टिळा, दारावरची पाटी. तुमच्या मुलाला शेजारच्या शिंप्यात हल्ली जे दिसतं, तेही हेच. आणि ज्या ओळीला ठिगळ लावून तो हत्यार करतोय, ती ओळ मुळात त्याच्यासारख्याच एका दंडा घेऊन फिरणाऱ्या तरुणाला सांगितलेली आहे! शिवाय अख्खं महाभारत पहिल्यांदा सांगितलं जातं ते सर्पसत्रात. बापाला एका सापाने मारलं म्हणून जनमेजय जगातले सगळे साप आगीत ओढतोय, आणि नागकुळातल्या आईचा आस्तीक नावाचा कोवळा मुलगा येऊन ते सत्र अर्ध्यात बंद पाडतो.

तर मुलगा येईल तेव्हा, ग्रुपवर नाही, घरात, दोघंच असताना विचारा: हा श्लोक कुठल्या पर्वातला रे? मला पुढचं-मागचं वाचायचंय. त्याला पकडण्यासाठी नाही, खरंच वाचायचंय म्हणून विचारा. आवाजात फरक पडतो, मुलांना तो बरोबर कळतो. वाचनालयातून महाभारताच्या मराठी भाषांतराचा आदिपर्वाचा खंड आणून ठेवा. रुरू सुरुवातीलाच आहे. त्यालाच मोठ्याने वाचू द्या, तुम्ही समोर शेंगा सोलत बसा. वाचून झाल्यावर लगेच ‘बघ, म्हटलं होतं ना’ असं म्हणू नका. जेवायला वाढा.

तो विचारील, मग कृष्णाने युद्ध का करायला लावलं? प्रश्न चांगला आहे, टाळू नका. युद्धाआधी तोच कृष्ण शिष्टाई करायला हस्तिनापुरात गेला होता, पाच गावांवर तडजोड करायची पांडवांची तयारी होती, हे त्याला आठवून द्या. आणि युद्ध संपल्यावर काय झालं, तेही वाचा. सौप्तिकपर्व. अश्वत्थाम्याचा बाप शस्त्र खाली ठेवलेला असताना, खोटं बोलून मारला गेला. त्याचं गाऱ्हाणं शंभर टक्के खरं होतं, हे लक्षात ठेवा. त्या खऱ्या गाऱ्हाण्यापायी तो रात्री छावणीत शिरला आणि झोपलेली माणसं कापली, द्रौपदीची पाचही पोरं मारली. कृपाचार्य त्याला सांगत होते की हा अधर्म आहे. त्याने ऐकलं नाही. कपाळावर भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतो. ती जखम कशापायी, हे मात्र सांगायचं राहून जातं.

आता अवघड काम. तुमच्या पत्रात ‘आठ-दहा महिन्यांत बदलला’ असं दोनदा आलंय. आठ-दहा महिन्यांपूर्वी काय झालं, याबद्दल एक ओळ नाही. मी पत्र उलटसुलट करून शोधलं. तो श्लोक काय टाकतो हे तुम्हाला पाठ आहे, पण त्याचे किती विषय राहिलेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. वायडी लागली का, म्हणजे वर्ष गेलं का? खोलीवरचे जुने मित्र सोडून गेले का? कुणी अपमान केला, कुणी मारलं? एखादी मुलगी? वडिलांशी पैशांवरून काही? रात्री अकराला एका हाकेसरशी तो ज्याच्याकडे जातो, जो त्याच्या गाडीत पेट्रोल भरून देतो, असा कुणी ‘दादा’ आहे का? हे सगळं एका बैठकीत विचारलंत तर पोलीस चौकशी होईल. चार-दोन फोन नुसते ‘काय जेवलास’ यावर संपू द्या. पण शोधा. आणि त्याला खरंच काही डसलं असेल, समजा त्याच्या डोळ्यांदेखत काही घडलं असेल, तर ‘असं काही नसतं’ म्हणू नका. झालं ते वाईट झालं, असं म्हणा. रुरूचं दुःख खोटं होतं असं डुंडुभही म्हणत नाही.

ही फक्त तुमच्या घरची गोष्ट नाही. गेल्या वर्षी एका मुस्लिम वडिलांनी जवळजवळ हेच लिहिलं होतं: मुलगा रात्रभर कुणाची तरी भाषणं ऐकतो, आईच्या दर्ग्याला जाण्याला पाप म्हणतो, मी बोललो तर आयत तोंडावर फेकतो. त्यांचा समज होता की मुलगा ‘फार धार्मिक’ झाला. मी विचारलं, अरबी येतं त्याला? नाही. मौलवींकडे बसतो? नाही, त्यांना तो विकले गेलेले म्हणतो. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणची चार तरुण मुलं यात्रेकरूंच्या गटातून इराकला गेली आणि तिथून आयसिसकडे. त्याआधी ती वर्षानुवर्षं मदरशात शिकत नव्हती, आपल्या-तुपल्या मुलांसारखीच शिकलेली होती. आयसिसच्या भरतीचे हजारो अर्ज पुढे फुटले, २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेसने ते तपासले, तर सुमारे ७० टक्के लोकांचं शरियतचं ज्ञान ‘प्राथमिक’ असं नोंदवलेलं निघालं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे दोन तरुण सीरियात लढायला निघाले, त्याआधी त्यांनी इस्लामची तोंडओळख करून देणारी नवशिक्यांची पुस्तकं ऑनलाइन मागवली होती. आधी निघायचं ठरलं, मग पुस्तक आलं. २०१४ च्या सप्टेंबरात जगभरच्या १२६ मुस्लिम विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या बगदादी याला खुलं पत्र लिहिलं. त्यांचा पहिलाच आक्षेप असा की फतवा द्यायला विद्या लागते, आणि एखादी आयत उचलून बाकीचं कुराण सोडून देता येत नाही. तुमच्या मुलाच्या श्लोकाची गत हीच आहे.

म्हणून त्याच्याशी बोलायला माणूस निवडताना चूक करू नका. देवधर्म थोतांड म्हणणारा हुशार काका नको. तो वाद जिंकेल आणि मुलगा गमावून बसेल. माझं मत विचाराल तर ज्यांना त्याने टाळकुटे म्हटलं, ते मामाच हवेत. त्यांनी त्याला माफी मागायला लावायचं नाही, उपदेश करायचा नाही. आषाढीला दिंडीत पाण्याचा टँकर सांभाळायला, मुक्कामाला तंबू ठोकायला माणसं कमी पडतात, एवढंच म्हणायचं: चार दिवस येतोस का? त्याला धर्मासाठी काहीतरी करायचंय ना, मग हाताला काम द्या. नाही म्हणाला तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं.

आणि तलवार. हे निवळण्याची वाट बघायची नाही, तुमच्या यजमानांनाही सांगा. ती कुणाची, कुठे आहे, हे सरळ विचारा. हल्ली पोरं वाढदिवसाला तलवारीने केक कापतात, फोटो टाकतात आणि शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाण्यात जाऊन बसतात. कदाचित एवढंच असेल. पण हत्यार खरंच त्याच्या खोलीवर असेल, बोलण्यात एखाद्या माणसाचं, जागेचं नाव किंवा तारीख यायला लागली, अचानक पैसा आला, कुठे जातो ते सांगेनासा झाला, ‘माझं काही झालं तर’ अशी भाषा सुरू झाली, तर त्या दिवशी श्लोक आणि रुरू बाजूला ठेवायचे. ओळखीचा वकील बरोबर घ्या आणि पोलिसांकडे जा; वेळच नसेल तर ११२. मुलाचं करिअर जाईल म्हणून आईबाप थांबतात, हे मला कळतं. पण काही घडायच्या आत गेलात तर समज देऊन सोडायला पोलिसांना जागा असते, घडल्यावर ती कुणालाच राहत नाही. तुम्ही मुलाविरुद्ध गेलात असं लोक म्हणतील. म्हणू द्या. दुसऱ्या बाजूलाही कुणाचा तरी मुलगा असतो.

झोप लागत नाही असं लिहिलंय, त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. हा मुलासाठी नाही, तुमच्यासाठी सांगतेय. त्याला वेडा ठरवायला जाऊ नका, तो वेडा नाही.

राहिला तो कपाटातला ब्लाउजपीस. मुलगा बोलला आणि तुम्ही टाकायचं थांबलात. पत्रातली हीच एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. त्याच्याशी वाद न घालता, त्याला न सांगता, पण त्याच्यापासून लपवूनही नाही, उद्या तो चाचांकडे टाकून या. इतके दिवस का आला नाहीत, असं ते विचारणार नाहीत. विचारलं तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माप त्यांच्याकडे आहेच, अस्तराचं कापड मात्र बरोबर न्या.